वहीत १४, हिशेबात २१

*ताई, नमस्कार.*

*हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय, आधीची दोन फाडली. वय ३४. माहेर बार्शीजवळचं खेडं. लग्न होऊन पुण्यात आले त्याला अकरा वर्षं झाली. एका टाइल्सच्या दुकानात हिशेबाचं काम बघते. तिथं माझं काही अडत नाही. पण दुकानाबाहेर तोंडच उघडत नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेत पालकसभेला मी विचारलं, ‘पोरींच्या पिन्याच्या पान्याची सोय कुठंय?’ मागं दोघी हसल्या. एकीनं हळूच तसंच म्हणूनही दाखवलं. तेव्हापासून ‘ण’ असलेले शब्दच मी टाळते. ‘वॉटर बॉटल’ म्हणते. ‘आणि’च्या जागी ‘व’ म्हणते. नाहीतर गप्प बसते. बँकेत, दवाखान्यात हेच बोलतात. मुलगी नऊ वर्षांची आहे, तीही मैत्रिणींसमोर ‘आई, पानी नाही, पाणी’ म्हणते. ते जास्त लागतं.*

*आता तीन आठवड्यांनी सोसायटीची वार्षिक सभा आहे. स्टँप ड्युटीत सवलत मिळते म्हणून घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. खजिनदारांनी पाण्याच्या खर्चाचा तक्ता ग्रुपवर टाकला, त्यात मार्चमध्ये २१ टँकर दाखवलेत. मला जास्त वाटले म्हणून वॉचमनकडून गेटची वही मागून घेतली. त्यात १४ नोंदी आहेत. हे म्हणतात, तू राहू दे, मी विचारतो. एके ठिकाणी आत्मविश्वास वाढवायची दोन दिवसांची कार्यशाळा आहे, फी १२ हजार. लावू का?*

*मागच्या रांगेतली*

प्रिय मागच्या रांगेतली,

तुम्ही माझ्या लेकीच्या वयाच्या, पण अहो-जाहोच करते. लेकीलाही कामाच्या ठिकाणी कुणी अगं-तुगं केलेलं मला खपत नाही.

कार्यशाळेचं आधी सांगून टाकते: नको. बारा हजार रुपये थोडे नाहीत आणि दोन दिवसांत तुम्हाला तिथं काय करायला लावतील याचा मला साधारण अंदाज आहे. आरशासमोर उभं राहून ‘मी समर्थ आहे’ असं म्हणायला लावतील. कॅनडातल्या जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं होतं, २००९ साली. स्वतःबद्दल मुळातच बरं मत असलेल्यांना असल्या वाक्यांनी किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं त्यांना, म्हणजे ज्यांच्यासाठी हे औषध असायचं त्यांनाच, आणखी वाईट वाटलं. आणि त्यात नवल नाही. मन काही दुधखुळं नसतं. तोंड ‘मी समर्थ’ म्हणतं तेव्हा ते मागून विचारतं, ‘हो का? मग पालकसभेत काय झालं होतं?’ दुसरा प्रकार कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं ऐटीत उभं राहण्याचा. २०१० मध्ये त्याचा फार गाजावाजा झाला. पुढं इतरांनी तेच प्रयोग केले तर दावा टिकेना, आणि २०१६ मध्ये मूळ संशोधकांपैकी डॅना कार्नी यांनीच ‘माझा आता यावर विश्वास नाही’ असं जाहीर केलं. कार्यशाळांपर्यंत ती बातमी बहुधा पोचलेली नाही.

आता तुमच्या पत्राकडे येते. मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. ‘वॉचमनकडून गेटची वही मागून घेतली.’ हे तुम्ही ‘कोथिंबीर घेतली’ म्हणावं तसं लिहून पुढं गेलाय! सोसायटीत साठ-सत्तर घरं तरी असतील, त्या सगळ्यांच्या फोनवर तो तक्ता गेला. किती जणांनी २१ हा आकडा वाचून भुवई वर केली? त्यातल्या किती जणांनी खाली जाऊन वही मागितली? वॉचमन काय म्हणाला असेल, ‘कशाला हवी, मॅडम?’ त्याला तुम्ही काहीतरी उत्तर दिलंच असणार. तेव्हा छातीत धडधडलं होतं का? पत्रात तसं काही दिसत नाही. कारण तुमचं लक्ष स्वतःच्या जिभेवर नव्हतं, टँकरवर होतं.

आत्मविश्वास म्हणजे शरीरातल्या हिमोग्लोबिनसारखं काहीतरी आहे आणि ते आपल्यात कमी आहे, असं आपण धरून चालतो. तसं ते नसतं. अल्बर्ट बँड्युरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली याची नीट मांडणी केली: माणसाचा भरवसा त्या त्या कामापुरता असतो, आणि तो यायचा सगळ्यात मोठा रस्ता म्हणजे ते काम स्वतः करून तडीला नेलेलं असणं. हिशेबात तुम्ही शेकडो वेळा तडीला गेलाय, म्हणून तिथं भरवसा आहे. चारचौघांत बोलण्याचा तुमच्या खात्यावर एकच मोठा व्यवहार आहे आणि तो तोट्याचा. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही खातंच गोठवलंय. मग शिल्लक वाढणार कुठून?

आता त्या दोघींविषयी. याबाबतीत मी जरा अधिकारानं बोलू शकते, कारण मी हसणाऱ्यांपैकी होते.

कॉलेजात आमच्या वर्गात आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावची मुलगी होती. वक्तृत्वाच्या तालमीत तिच्या तोंडून ‘लोनी’ आलं आणि मी व माझी मैत्रीण फिसकन हसलो. हे मला आठवत नाही, तिनं सांगितलं म्हणून माहीत. पंचवीसेक वर्षांनी एका लग्नात ती पंगतीला शेजारी आली. मी ओळखलंही नव्हतं. वाढपी मसालेभात घेऊन आला होता आणि ती सहज बोलावं तसं बोलली, ‘तुम्ही खिडकीजवळच्या बाकावर होतात, निळा ड्रेस होता. त्यानंतर मी स्पर्धेला नाव दिलं नाही.’ मी आठवून आठवून पाहिलं. तो वर्ग आठवला, तालीम घेणाऱ्या बाई आठवल्या, निळा ड्रेससुद्धा आठवला. हसणं आठवेना. ज्यामुळं तिचं बोलणं थांबलं, ते माझ्या डोक्यात संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नसावं. मी माफी मागितली. ती म्हणाली, ‘जाऊ दे हो, जिलबी घ्या.’

हे सांगून मी हसणाऱ्यांना सोडून देत नाहीये. हसणं वाईटच. पण ते त्यांच्या लेखी किती होतं आणि तुमच्या लेखी किती, याचा ताळमेळ तुम्ही कधी लावलेला नाही. अमेरिकेतल्या थॉमस गिलोविच यांच्या गटानं २००० साली एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, त्या वयात अंगावर घालायची लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांनी पाहिलं असेल? त्यांचा अंदाज होता निम्म्यांनी. खरोखर पाहिलं होतं सुमारे पाव लोकांनी. तुमच्या सोसायटीच्या हिशेबासारखंच आहे हे. भीतीच्या तक्त्यात २१ आणि गेटवरच्या वहीत १४.

आणि हो, १४ आहेत. शून्य नाहीत. ‘कुणी काही म्हणत नाही, सगळं तुमच्या मनात आहे’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पुण्यात ‘ण’ला हसणारे आहेत. आधी होते, आजही आहेत. तुम्ही सभेत बोललात तर कदाचित एखादी पुन्हा हसेल. मला फक्त जास्तीचे सात टँकर कमी करायचेत.

‘ण’बद्दल थोडं मनसोक्त बोलू द्या, माझा आवडता विषय आहे. एकोणिसाव्या शतकात शाळा आल्या, छापखाने आले, क्रमिक पुस्तकं निघाली, आणि पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांची बोली प्रमाण ठरली. तिच्यात ‘ण’ होता. अनेक भागांतल्या बोलींत तो ‘न’ झालेला होता. एवढाच इतिहास. यात शुद्ध-अशुद्ध काही नाही, सत्ता कुणाकडे होती एवढं आहे. आणि ज्यांना शुद्धतेसाठी संस्कृतचा दाखला लागतो, त्यांची तर पंचाईतच. संस्कृतात शब्द आहे ‘पानीय’. ‘न’चाच. लोणी आलं ‘नवनीत’वरून, तिथंही दोन्ही ‘न’. ‘ण’ वाटेत प्राकृतात शिरला. आणखी एक, तुमच्या मुलीच्या शाळेतली एखादी हिंदी बोलणारी आई दिवसभर ‘पानी’ म्हणत असेल. तिला कुणी हसत नाही.

हे सगळं सभेत सांगायला जाऊ नका बरं का. हे तुमच्या माझ्यात.

तुम्हाला ‘ण’ शिकायचा असेल तर तो येतो, त्यात जादू नाही. ट, ठ, ड, ढ आणि ण हे वर्णमालेत एका ओळीत उगाच नाहीत. ‘ट’ म्हणताना जिभेचं टोक मागं वळून टाळूला जिथं टेकतं, तिथंच ते ठेवा आणि आवाज नाकातून सोडा. ‘अट्टा, अड्डा, अण्णा’ असं दहा वेळा म्हणून बघा. महिनाभरात कान आणि जीभ दोन्ही सरावतात. पण ‘ण’ येईपर्यंत बोलणार नाही, असं ठरवणार असाल तर शिकूच नका. मग त्यानंतर ‘श-ष’ निघेल, मग इंग्रजी निघेल. नेसायला आणखी एक साडी घ्यावी तसा ‘ण’ घ्या. घरची साडी टाकायची नाही.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात थकवणारी गोष्ट म्हणजे ते शब्द टाळणं. तुम्ही बोलता बोलता पुढच्या वाक्यात ‘ण’ येतोय हे ओळखता, त्याला पर्यायी शब्द शोधता, वाक्य वळवता आणि चेहरा सरळ ठेवता. भाषेत कच्ची असलेली बाई हे करूच शकणार नाही! पण अर्धं डोकं पहाऱ्यावर बसवल्यावर मुद्दा मांडायला उरलेलं अर्धं पुरत नाही. मग अडखळायला होतं आणि वाटतं, बघा, मला बोलताच येत नाही. शिवाय वाईट काही घडलं नाही तरी श्रेय त्या पहाऱ्याला जातं: ‘वॉटर बॉटल म्हटलं म्हणून वाचले.’ ‘पानी’ म्हटलं असतं तरी तुम्ही वाचला असतात, हे कळायची वाटच बंद.

म्हणून उद्यापासून हे करा. रोज एका अनोळखी माणसाशी एक वाक्य बोलायचं, ज्यात पाणी हा शब्द आलाच पाहिजे. मेडिकलमध्ये, ‘ही गोळी पाण्यातून घ्यायची की दुधातून?’ हॉटेलात, ‘गरम पाणी आणा.’ बँकेत, ‘पिण्याचं पाणी कुठंय?’ तोंडून ‘न’ येवो नाहीतर ‘ण’, दुरुस्त करायचं नाही, पुन्हा म्हणायचं नाही. घरी आल्यावर वहीत दोन रकाने करायचे. डावीकडे, जायच्या आधी काय होईल असं वाटलं होतं. उजवीकडे, प्रत्यक्षात समोरच्यानं काय केलं. त्याला काय वाटलं असेल ते लिहायचं नाही, ते तुम्हाला दिसलेलं नाही. केलं काय, तेवढंच. ‘म्हणाला, जेवल्यावर घ्या.’ दुकानात महिनाअखेरीला बँकेच्या स्टेटमेंटशी ताळमेळ लावताच की, तेच काम आहे.

हा काही माझा शोध नाही. अल्बर्ट एलिस नावाचा एक मोठा मानसोपचारतज्ज्ञ होऊन गेला. एकोणिसाव्या वर्षी त्याला मुलींशी बोलायची भयंकर भीती. न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात तो महिनाभर गेला आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचंच, असं त्यानं ठरवलं. तीसजणी उठून गेल्या. शंभरजणी बोलल्या. एकीनं भेटायची वेळ दिली आणि ती आलीच नाही. म्हणजे पदरात पडलं शून्य. पण कुणी ओकलं नाही, पोलिसांना बोलावलं नाही, हे त्यानं पाहिलं आणि भीती सुटली. (आपल्याकडच्या बागेत असलं काही करायला कुणा मुलाला मी सांगणार नाही. काळ आणि बाग दोन्ही वेगळी.)

यजमानांबद्दल. चांगले आहेत, हे पत्रातून कळतं. पण ‘तू राहू दे, मी बोलतो’ हे वाक्य सतत ऐकलं की ‘तू राहू दे’ एवढंच ऐकू येतं. त्यांना हे उत्तर वाचायला द्या. या तीन आठवड्यांत बँकेत सोबत आले तरी त्यांनी बाहेर चहाच्या टपरीवर थांबायचं. तुम्ही काउंटरवर अडखळलात तर अडखळायचं, मागून शब्द पुरवायचे नाहीत. त्यांना हे तुमच्यापेक्षा जड जाईल.

मुलीचं मला फारसं गंभीर वाटत नाही. नऊ वर्षांची पोरं व्याकरणाचे फौजदार असतात. तिला एवढंच सांगा की मला आजीकडून ‘पानी’ आलं, तुला शाळेतून ‘पाणी’ आलं, आणि मैत्रिणींसमोर आईला दुरुस्त करायचं नाही, घरी सांगायचं. रागावून नाही, नियम म्हणून. मग एखाद्या रविवारी तिला माळवं, कडबा, हुरडा यांचे अर्थ विचारा. परीक्षा दोघींचीही व्हायला हवी.

सभेकडे वळू. घर तुमच्या एकटीच्या नावावर, म्हणजे सभासद तुम्ही. यजमानांना सहयोगी सभासद केलेलं नसेल तर त्या सभेत बोलायचा हक्क त्यांना नाहीच, तुम्हाला आहे. स्टँप ड्युटीतला एक टक्का वाचवायला बाईचं नाव चाललं, आता प्रश्न विचारायलाही तेच लागणार.

सभेआधी सेक्रेटरींना दोन ओळींचा लेखी अर्ज द्या: मार्च महिन्याची टँकरची बिलं आणि व्हाउचर पाहायची आहेत. सहकारी संस्था अधिनियमानुसार सभासदाला संस्थेची बरीच कागदपत्रं पाहता येतात. अर्जाची पोच घ्या. लिहिताना तर ‘ण’ची अडचण नाही! कदाचित तिथंच उलगडा होईल, एखाद्या पुरवठादाराचं बिल चुकून दोनदा धरलं गेलं असेल. चूक असू शकते, हे मनात ठेवा. ‘घोटाळा’ हा शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही. तो गेला की लोक टँकर विसरतात आणि भांडण बघायला खुर्च्या पुढं ओढतात.

सभेत मागच्या रांगेत बसू नका. तिथून बोललं की सगळ्यांच्या माना वळतात, आणि वळलेल्या माना बघून भल्याभल्यांचा घसा कोरडा पडतो. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसा. हिशेबाचा विषय पुकारला की पहिला हात तुमचा. ‘दोघं-तिघं बोलू देत, मग’ असं ठरवलं तर प्रत्येक माणसागणिक धडधड वाढत जाते आणि शेवटी आभारप्रदर्शन होतं. सुटा कागद हातात धरू नका. हात थरथरला तर कागद दहापट फडफडतो आणि मग तुमचं लक्ष त्याच्यावरच राहतं. मुलीचं परीक्षेचं पॅड घेऊन जा, त्याला कागद लावा. उभं राहून समोरच्या खुर्चीच्या पाठीला एक हात ठेवा. आणि एवढंच म्हणा:

‘मार्चच्या पाण्याच्या टँकरचा प्रश्न आहे. गेटच्या वहीत १४ नोंदी आहेत, हिशेबात २१ आहेत. फरक कशाचा?’

त्यात पाणी मुद्दाम ठेवलंय. ‘न’ आला तर ‘न’. बसू नका, उत्तर येईपर्यंत उभ्याच राहा. शांतता पसरेल. ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही, खजिनदारांची आहे. धडधड तेव्हाही होईल, आवाज कापेल. तुम्हाला तो जेवढा कापल्यासारखा वाटेल तेवढा समोरच्यांना ऐकू जाणार नाही, आणि गेला तरी आकडे कापणार नाहीत. कुणी हसलं तर वळून बघू नका, ‘१४ आणि २१’ एवढं पुन्हा म्हणा.

एक गोष्ट मात्र स्वतःशी तपासा. ही भीती सभेपुरती आहे, की आठवडा आठवडा झोप उडते, दवाखान्यात जाणं टाळलं जातं, नोकरीवरही परिणाम होतो? तसं असेल तर हा सामाजिक चिंतेचा विकार असू शकतो. बोलण्याच्या उपचारांनी, लागल्यास औषधांनी तो बरा होतो. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण पत्रावरून सगळं कळत नाही.

हे पत्र फाडलं नाहीत, पाठवलंत. तुमच्या वहीतली पहिली नोंद तीच धरा. डाव्या रकान्यात काय लिहायचं ते तुम्हाला माहीत आहे. उजव्या रकान्यात लिहा, ‘उत्तर आलं.’

सभा झाली की त्याच रात्री कळवा. ते सात टँकर कुठं गेले, हे मलाही कळायला हवंय.

तुमची,
ताई